बुडबुड्यांचं घरटं: फायटर आणि गुरामीची पिल्लं घरच्या टाकीत

पाणकोंबडा (धागाकर्ता)

माशांच्या जुन्या धाग्यावर फायटरच्या (बेट्टा माशाच्या) पैदाशीचे प्रश्न इतके साठलेत की मूळ विषय हरवला, म्हणून वेगळा धागा काढतोय. तिथे दर चार प्रतिसादांनी एक प्रश्न येतो: "नराने वर बुडबुडे केलेत, आता मादी आणू का?"

नका आणू. आधी पिल्लांच्या जेवणाची सोय करा, मग मादी आणा. फायटरकडून अंडी घालून घेणं सोपं आहे, नवख्याच्या टाकीतही होऊन जातं. पिल्लं पोहायला लागल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस त्यांना जिवंत ठेवणं हे खरं काम, आणि बहुतेकांचा खेळ तिथेच आटोपतो.

बुडबुड्यांवरून एवढंच कळतं की नर वयात आलाय आणि पाणी त्याला मानवलंय. एकटा नर बरणीतही घरटं करत बसतो, समोर मादी असो नसो.

घरटं का, ते थोडक्यात. फायटर, गुरामी, पॅराडाइज फिश यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा एक अवयव असतो. त्याच्या जोरावर हे मासे पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेतात. भातखाचरं, डबकी, गवताळ कालवे अशा कोमट आणि साचलेल्या पाण्यात ते राहतात, आणि तिथे पाण्यात विरघळलेला प्राणवायू बेताचाच असतो. मोठा मासा वर येऊन घोट घेईल, अंड्यांनी काय करायचं? म्हणून बाप तोंडात हवा घेऊन लाळेत घोळवलेले बुडबुडे वर सोडतो. लाळेमुळे ते लवकर फुटत नाहीत. त्या फेसाला अंडी चिकटवली की ती हवेच्या अगदी जवळ राहतात.

आता टाकी. दीड फूट लांब, फूटभर रुंद पुरे. पाणी चार ते सहा इंच, त्याहून जास्त नको. फायटरची अंडी बुडतात. नराला प्रत्येक अंडं तळातून उचलून वर न्यायचं असतं, आणि हाफमूनसारखा लांब पिसाऱ्याचा नर खोल पाण्यात खाली-वर करून दमतो. तळाला वाळू-खडे नकोत, अंडी फटीत जातात. फिल्टर बंद. हीटर २७-२८ अंशांवर. वर काच किंवा प्लास्टिकचा कागद, म्हणजे पाण्यावरची हवा उबदार आणि दमट राहते. थर्माकोलचा पेला उभा चिरून अर्धा भाग पाण्यावर चिकटपट्टीने लावायचा, नर नेमका त्याच्याखाली घरटं बांधतो. सोबत देशी बदामाचं वाळलेलं, आपोआप गळलेलं पान. शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला ही झाडं कुठेही सापडतात. पाणी चहाच्या रंगाचं होतं, ते व्हायलाच हवं. दुकानातून पाकीटबंद पानं विकत घेणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

नर-मादी दोघांना आधी आठ-पंधरा दिवस वेगवेगळं ठेवून जिवंत खाऊ द्या: डासांच्या अळ्या, डॅफ्निया (पाण्यातले पिसवांसारखे बारीक जीव), नाहीतर गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या). मग मादीला नराच्या टाकीत कंदिलाच्या काचेत ठेवायचं. कंदील आता कोणाकडे नसेल तर पाण्याच्या बाटलीचा तळ आणि तोंड कापून नळकांडं करा. नर समोर फुलारून नाचतो, मध्येच घरट्याकडे पळतो, चार बुडबुडे वाढवतो, परत येतो. मादीच्या अंगावर उभे पट्टे आले, पोट भरलेलं दिसलं आणि खाली पांढरा ठिपका पुढे आला की ती तयार आहे. आडवे पट्टे म्हणजे घाबरली आहे, सोडू नका.

सोडल्यावर पाठलाग होणार, पर फाटणार. तेवढं चालतं. लपायला जावा मॉसचा (पाण्यातल्या शेवाळ्याचा) पुंजका ठेवा. दुसऱ्या दिवशीपर्यंत जमलं नाही आणि मादी कोपऱ्यात दबून बसली असेल तर काढून घ्या, आठवड्याने परत बघा.

जमलं तर जे दिसतं ते बघत बसावं असंच. घरट्याखाली नर मादीभोवती अंगाची कमान करून तिला वेढतो, दोघंही काही क्षण ताठ होतात. विळखा सुटतो. मादी तशीच तरंगत राहते आणि तिच्या पोटाखालून पांढरे कण खाली झरायला लागतात. नर आधी भानावर येतो, सूर मारतो, पडणारी अंडी तोंडात गोळा करतो आणि वर जाऊन एकेक फेसात थुंकतो. हे तासन्‌तास चालतं. सुरुवातीचे काही विळखे कोरडेच जातात, घाबरू नका.

शेवटी नर मादीला हाकलायला लागतो, तेव्हा तिला लगेच काढा. आता ती त्याच्या लेखी अंडीचोर आहे. रात्री मिणमिणता दिवा ठेवा, पडलेलं अंडं त्याला दिसायला हवं. दीड-दोन दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं शेपट्या खाली करून फेसाला लटकतात, खाली पडतात, बाप उचलून परत लावतो. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ती आडवी पोहायला लागली की बापाची कामगिरी संपली. त्यालाही काढा.

जेवणाचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, मोठं आहे.

---

खेकडा

वाखूसा (वाचनखूण साठवली). जेवणाचं लवकर लिहा, आमच्याकडे पेला लावून झालाय.

---

दहावीचा_अभ्यास

काका, मी जोडी आणली. दुकानदार म्हणाला आखूड शेपटीची ती मादी. काच काढल्यावर दोघांनीही कल्ले फुलवले आणि तुंबळ मारामारी सुरू केली. वेगळे केलेत. मादी इतकी भांडते?

---

शंखशिंपले

@दहावीचा_अभ्यास, तुझी मादी बहुधा प्लाकाट नर आहे. प्लाकाट जातीत नराचाही पिसारा आखूडच असतो. दुकानदाराला माहीत नसतं म्हण किंवा माहीत असून विकतो म्हण, मलाही एकाने अशीच "जोडी" गळ्यात मारली होती आणि परत घ्यायला साफ नकार दिला. पोटाखालचा पांढरा ठिपका बघ. पण कोवळ्या नरांनाही कधीकधी तसा ठिपका दिसतो, म्हणून तेवढ्यावर जाऊ नकोस. कल्ले फुलवले की खाली दाढीसारखा पडदा येतो तो बघ, नराचा मोठा असतो. आणि भरल्या पोटी मादीला उजेडासमोर धरलं तर पोटाच्या मागच्या बाजूला पिवळसर त्रिकोणी भाग दिसतो, ती अंडाशयं. ही खूण सगळ्यात खात्रीची, फक्त गडद रंगाच्या माशात दिसत नाही.

---

पाणकोंबडा

बरोबर सांगितलंत. आणि बाळा, आता भांडण बघायला म्हणून मित्रांसमोर पुन्हा त्यांना एकत्र सोडू नकोस. करमणुकीसाठी प्राण्यांची झुंज लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, त्यात मासेही आले. थायलंडमध्ये याच झुंजींसाठी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या हा मासा निवडून वाढवला, म्हणून तो इतका तापट. त्याच देशाने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं.

आता जेवण.

पोहायला लागलेलं पिल्लू म्हणजे दोन डोळे आणि एक केस. पोटातला बलक संपला की त्याला हलणारं आणि तोंडात मावणारं अन्न हवं. न हलणाऱ्या भुकटीकडे ते बघतही नाही. म्हणून क्रम असा.

पहिले तीन-चार दिवस इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव. जुन्या टाकीचं पाणी बरणीत घ्या, त्यात कोबीचं वाळलेलं पान किंवा मूठभर पेंढा टाका, उजेडात ठेवा. आधी पाणी गढूळ होऊन वास मारतं, मग निवळतं. निवळल्यावर उजेडासमोर धरून बघा, धुळीसारखे कण स्वतःहून फिरताना दिसतील. वास मारणाऱ्या अवस्थेत टाकीत ओतलंत तर पिल्लं मरतील. या सगळ्याला आठवडा लागतो आणि अंडी फुटायला दोन दिवस, म्हणूनच वर म्हटलं की बरणी आधी, मादी नंतर.

सोबत व्हिनेगर ईल, म्हणजे व्हिनेगरमध्ये वाढणाऱ्या धाग्यासारख्या बारीक अळ्या. अर्धं अॅपल सायडर व्हिनेगर, अर्धं पाणी, सफरचंदाची फोड आणि कोणाकडून तरी आणलेलं थोडं बियाणं. महिनाभरात बाटली अळ्यांनी भरते आणि मग महिनोन्‌महिने कोणी ढुंकून पाहिलं नाही तरी चालू राहते. या अळ्या पाण्यात वरच्या थरात तरंगतात, आणि पिल्लंही तिथेच असतात.

मग नुकत्याच फुटलेल्या आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवांची पिल्लं. लिटरभर पाण्याला साधारण २५ ग्रॅम जाडं मीठ, हवेचा पंप चालू, वर दिवा. २८ अंशांना दिवसभरात अंडी फुटतात. पंप बंद करून दहा मिनिटं थांबा: टरफलं वर, न फुटलेली तळाला, मधली नारिंगी झुलती रेघ म्हणजे आर्टेमिया. नळीने ओढून घ्या, बारीक कापडातून गाळा, गोड्या पाण्याने धुऊन द्या. पिल्लांनी खाल्लं की नाही हे विचारावं लागत नाही, दहा मिनिटांत पोटं नारिंगी होतात. भिंगातून बघा. ज्यांची झाली नाहीत ती मागे पडणार.

थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा. उरलेलं तळाशी मरतं, ते हवेच्या बारीक नळीने रोज ओढून काढायचं. नळीच्या तोंडाला जाळी लावा आणि पाणी पांढऱ्या टबात काढा. दोन-चार पिल्लं त्यात येतातच, पांढऱ्यावर ती दिसतात.

---

आज्जी_ऑनलाइन

आमच्या वेळी आर्टेमिया-बिर्टेमिया काही नव्हतं. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यात बांधायचा आणि पाण्यात पिळायचा. गुरामीची पिल्लं त्यावर वाढली आहेत, माझ्या डोळ्यांदेखत. तुम्ही हल्लीचे लोक फार लाड करता.

---

पाणकोंबडा

आज्जी, वाढतात, नाही म्हणत नाही. पण किती फुटली आणि किती वाढली ते कोणी मोजत नव्हतं. चार इंच पाण्यात फिल्टर नसताना बलक पडला की संध्याकाळपर्यंत पाणी दुधाळ होतं. अडीअडचणीला, दाताच्या काडीच्या टोकावर मावेल इतका, ठीक आहे.

---

आज्जी_ऑनलाइन

मोठ्या टाकीत करायचो. अंगणात हौद होता. तुमच्या चार इंचात नाही चालणार, तेवढं मान्य.

---

निळी_शाई

मायक्रोवर्मबद्दल (बारीक पांढऱ्या अळ्या) लिहिलं नाहीत? ओट्सच्या पेजेत चिमूटभर यीस्ट घालून सहज होतात. काही जण म्हणतात की त्याने पिल्लांचे पोटाखालचे पर येत नाहीत. खरं का?

---

पाणकोंबडा

पैदास करणाऱ्यांमध्ये हे जुनं भांडण आहे. माझं मत: मायक्रोवर्म लगेच तळाला बसतात, न खाल्लेले तिथेच कुजतात, आणि तळाशी रेंगाळणाऱ्या पिल्लांचे नाजूक पर त्या घाणीत राहतात. दोष अळीचा की घाणीचा, यावर रात्रभर वाद घालता येईल. मी इतर खाण्याच्या जोडीला देतो आणि तळ साफ ठेवतो. नुसत्या मायक्रोवर्मवर वाढवायला जाऊ नका, इतकंच.

---

तळ्यातमळ्यात

डासांच्या अळ्यांबद्दल एक विनंती. गच्चीत उघडी बादली ठेवून अळ्या पाळू नका. पालिकेचे लोक तपासणीला आले की नोटीस देतात आणि त्यांचं बरोबरच आहे, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. पाळायच्याच असतील तर दोन-तीन दिवसांनी बादली चहाच्या गाळणीने पूर्ण गाळायची. एक कोष राहिला तर त्याचा डास होऊन तुम्हालाच चावणार. गटारातले ट्युबिफेक्स (लाल धाग्यासारखे किडे) तर नकोतच, रोग घेऊन येतात.

---

नाशिककर

आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहाच्या खाली जातं. हीटर आहे, पण वीज गेली की काय? मागे तीन तास गेली होती.

---

पाणकोंबडा

टाकीच्या चारी बाजूंना आणि खाली थर्माकोल, वर झाकण आणि त्यावर जाड चादर. पाणी थोडं असल्यामुळे गारही पटकन होतं, ही या उथळ टाकीची दुखरी बाजू. एक सोपा उपाय: लहान टाकी मोठ्या टबात ठेवा, टबात पाणी भरा आणि हीटर टबात लावा. टबातल्या पाण्यामुळे उतार सावकाश होतो. पण खरं विचाराल तर थंडीत हा उद्योग करूच नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच उबदार आणि दमट असते. भातखाचरातले हे मासे पावसाळ्यातच जोड्या जमवतात.

झाकणाबद्दल: पिल्लांचा लॅबिरिंथ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तयार व्हायला लागतो आणि ती वर येऊन हवा घ्यायला लागतात. तेव्हा पाण्यावर तेलकट साय असेल किंवा वरची हवा गार असेल तर बरीच पिल्लं दगावतात. साय दिसली की टिपकागद पाण्यावर अलगद पसरवून उचलायचा.

---

शंखशिंपले

फायटरच फायटर चाललंय, म्हणून गुरामीसाठी थोडी जागा मागते. ड्वार्फ गुरामी आणि हनी गुरामी दोन्ही आपल्याच देशातले, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले. यांच्या जातभाईंना बंगालमध्ये खोलशे म्हणतात आणि चवीने खातात. १८२२ मध्ये हॅमिल्टनने गंगेतल्या माशांचं पुस्तक काढलं, त्यात हनी गुरामीचं वर्णन दोन वेगळ्या जाती म्हणून आलंय, चुना आणि सोता. नर-मादी रंगाने इतके वेगळे. विणीच्या दिवसांत नर मधासारखा केशरी होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत काळा-निळा पट्टा येतो. मादीला बोलवायचं असेल तर पाण्यात उभा राहून तो पट्टाच तिला दाखवतो.

ड्वार्फचा नर घरट्यात पानं विणतो. रिचिया, सेरॅटोफायलमची टोकं, मुळांचे धागे, जे तरंगेल ते ओढून फेसात खोचतो. म्हणून त्याच्या टाकीत तरंगत्या वनस्पती भरपूर हव्यात, नाहीतर घरटं ठिसूळ होतं. पाणी सहा-आठ इंच चालतं, कारण गुरामीच्या अंड्यात तेलाचा थेंब असतो आणि ती स्वतःच वर तरंगतात. नराला फायटरइतकी धावपळ नाही.

अडचणी दोन. दुकानात ड्वार्फच्या माद्या मिळतच नाहीत, सगळे लाल-निळे नर. मादी चंदेरी आणि फिकी, म्हणून कोणी मागवत नाही. कुर्ल्याला किंवा कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटच्या बाजारात रविवारी ओळखीच्या माणसाला सांगून ठेवावं लागतं. दुसरं म्हणजे या जातीला इरिडोव्हायरसचा रोग होतो आणि त्याला औषध नाही. मासा फिका पडतो, अंगावर फोड येतात, खाणं सोडतो. नवा मासा महिनाभर वेगळा ठेवल्याशिवाय जोडीला घालू नका. माझ्या मते नवख्याने ड्वार्फऐवजी हनी घ्यावी, काटक आणि शांत.

पिल्लं फायटरच्या पिल्लांहूनही बारीक. आर्टेमिया तोंडात जात नाही. आठवडाभर इन्फ्युसोरिया म्हणजे इन्फ्युसोरियाच, त्याला पर्याय नाही.

---

खेकडा

सुंदर प्रतिसाद! दक्षिणेत पण असा एक आपला मासा आहे ना? काळपट, टोकदार शेपटीचा?

---

शंखशिंपले

हो, स्यूडोस्फ्रोमेनस क्युपानस. केरळ, तमिळनाडू, श्रीलंका. भातखाचरातला साधा दिसणारा मासा, पण घरटं एखाद्या रुंद पानाच्या खाली बांधतो आणि मादीलाही राखणीला राहू देतो. फायटरच्या संसारापेक्षा मला तो जास्त आवडतो. विणीच्या वेळी मादी जवळपास काळी होते.

---

तळ्यातमळ्यात

सगळं छान आहे, पण एक प्रश्न कोणीच विचारत नाही. दोनशे पिल्लं जगली तर ठेवणार कुठे?

---

पाणकोंबडा

योग्य प्रश्न. फायटरच्या एका विणीत शंभर ते चारशे अंडी सहज निघतात. अडीच-तीन महिन्यांनी नर एकमेकांचे पर कुरतडायला लागतात, तेव्हा प्रत्येकाला वेगळी बरणी. पन्नास नर म्हणजे पन्नास बरण्या, आणि पन्नास बरण्यांचं पाणी आठवड्यातून दोनदा बदलायचं. क्लोरीन घालवलेलं. घरातल्या माणसांना हे आधी दाखवा, मादी दाखवण्याच्या आधी.

दुकानदार घेतील या भरवशावर राहू नका. त्यांच्याकडे चेन्नईच्या कोलत्तूरहून आणि कोलकात्याहून घाऊक माल येतो, त्या भावात तुमचा आर्टेमियाचा खर्चही निघत नाही. त्यात तुम्ही व्हेलटेल आणि क्राऊनटेल असं मिश्र पैदास केलं असेल तर पिसारा धड ना हा ना तो, कोणी विचारत नाही. मार्बल रंगाचं तर काहीच सांगता येत नाही. आज पांढरं-लाल, दोन महिन्यांनी निळं.

म्हणून नर-मादी एकाच प्रकारचे घ्या. आणि फार झाली म्हणून विहिरीत, तलावात, नदीत एकही मासा सोडू नका. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत टाकीतला सकरमाऊथ (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) किती पसरलाय ते तिथल्या मच्छीमारांना विचारा.

घरटं दिसलं तरी पैदास न करणं हाही पर्याय आहेच. नर त्याने दुःखी होत नाही.

---

निळी_शाई

अंडी पांढरी पडून त्यावर कापूस आलाय. मेथिलिन ब्लू टाकू का?

---

पाणकोंबडा

कापूस आलेली अंडी गेलीच, बहुधा फलित नव्हती. बुरशी शेजारच्या अंड्यांवर जाऊ नये म्हणून ब्लू टाकतात, फिकट आकाशी रंग येईल इतकीच. पण नर घरट्यावर असेल तर त्याला करू द्या, तो खराब अंडी निवडून खातो. लोक म्हणतात "बापाने अंडी खाल्ली", त्यातल्या निम्म्या वेळा त्याने सफाई केलेली असते. उरलेल्या वेळा तुम्ही दर पाच मिनिटांनी झाकण उघडून टॉर्च मारलेला असतो.

---

निळी_शाई

टॉर्च मारला होता. 😬

---

नाशिककर

म्हणजे माझं ठरलं. आता इन्फ्युसोरिया आणि ईलची बाटली, जोडी पावसाळ्यात. ईलचं बियाणं ऑनलाइन मागवलं तर उन्हात मरून येतं, कोणाकडे आहे का?

---

आज्जी_ऑनलाइन

विरजण म्हणा की सरळ. माझ्या नातवाकडे आहे, नाशिकरोडला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. येताना बाटली स्वच्छ धुऊन आणा, साबण न लावता.

---

दहावीचा_अभ्यास

काका, दुसऱ्या दुकानातून मादी आणली. या वेळी उजेडासमोर धरून बघितली, पिवळा त्रिकोण दिसला. काचेत ठेवलीये, आडवे पट्टे आहेत.

---

पाणकोंबडा

मग ठेव तशीच. पट्टे उभे होईपर्यंत काच काढायची नाही, आणि तोवर गणित कर.